बहिष्काराची मागली बाजू

आमच्या घरातून आजवर निघालेल्या पत्रकांपैकी लोकांनी भिंतीला चिकटवून जपलेलं पत्रक एकच, आणि ते मी फुटबॉलच्या विरोधात लिहिलं होतं.

आमचं घर परंदवडीचं. पप्पा कारखान्यात आणि युनियनमध्ये. (कारखान्यात पाळीपुरते, युनियनमध्ये उरलेला सगळा वेळ.) त्यामुळे इतरांच्या घरात भांडी असतात तशी आमच्याकडे पत्रकं असत. माळ्यावर पत्रकं, ट्रंकेच्या तळाशी पत्रकं, डब्यात चपातीखाली पत्रक. माझा 'अ' अननसाचा नव्हताच, तो अन्यायाचा होता. माझं नाव समता. पाठीवर भाऊ झाला असता तर त्याचं नाव एल्गार ठेवायचं ठरलं होतं. तो झाला नाही. (शहाणा!)

पत्रकांच्या बाबतीत घरात दोन नियम होते. पहिला, खाली निमंत्रकाचं नाव पाहिजेच. नाव झाकून बोलतो तो भित्रा. दुसरा, कागदाची मागची बाजू कोरी सोडायची नाही. वर्गणीतून आलेल्या कागदाची एक बाजू कोरी सोडणं म्हणजे पप्पांच्या लेखी निम्म्या कामगारांचा अपमान. हे दोन नियम मी आईच्या दुधाबरोबर प्यायले होते, आणि त्यांनीच माझा घात केला.

घात करणारा माणूस म्हणजे भाऊ. पप्पांचे थोरले बंधू. त्यांना पप्पा भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊ म्हणे, म्हणून सगळं गाव भाऊ म्हणे. भाऊंनी लग्न केलं नाही. रेल्वेत गँगमन होते, लोणावळ्यापासून खाली घाटात रूळ सांभाळायचे. लोणावळ्याला रेल्वेच्या मैदानावर त्यांनी फुटबॉल धरला आणि तो पुढे कधी सोडला नाही. दर चार वर्षांनी वर्ल्ड कप आला की भाऊ सुट्ट्या साठवत. गँगमधल्या ज्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यांना ते सांगत की पहिला वर्ल्ड कप उरुग्वेला झाला, तेव्हा युरोपातले संघ आगबोटीने गेले आणि डेकवरच पळायचा सराव करत गेले. "आन् चेंडू पान्यात पडला तर?" असं कुणी विचारलं की भाऊ गंभीरपणे म्हणत, "म्हनून तर जपून मारायला शिकले."

भाऊंचा पक्ष एकच, आफ्रिका. रेल्वेच्या हॉलमधल्या टीव्हीवर त्यांनी कॅमेरूनला अर्जेंटिनाला हरवताना पाहिलं होतं. अर्जेंटिना तेव्हा जगज्जेते, आणि कॅमेरूनची दोन माणसं पंचांनी बाहेर काढलेली. "नऊ जनांत जिंकले!" भाऊ सांगत. "दोन मान्सं कमी आसताना काम कसं उरकायचं, ते गँगमनला इचारा. मला तवाच कळलं, ही आपली मान्सं." तेव्हापासून एखादा आफ्रिकेतला देश कप उचलताना बघायचा आणि मग डोळे मिटायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. सेनेगलने फ्रान्सला हरवलं तेव्हा त्यांनी गँगला पेढे वाटले. घानाचा गोल उरुग्वेच्या खेळाडूने गोलाच्या तोंडात चक्क हाताने अडवला, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. आफ्रिका काही उपांत्य फेरीच्या पुढे, अहो पुढे कसली, उपांत्य फेरीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

आणि मग भाऊंच्या किडन्या गेल्या.

तळेगावला डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून, चहा बंद. भाऊ आमच्याकडे राहायला आले. पहिल्या-पहिल्यांदा त्यांचे रेल्वेतले मित्र भेटायला यायचे. केळी घेऊन यायचे. भाऊंना केळी मना! मग शहाळी आणायचे. शहाळीही मना! भेटीला काय न्यावं तेच कळेना, तेव्हा हळूहळू माणसं यायचीच थांबली. भाऊ खाटेवर पडून दाराकडे बघत बसत. कुणाची मोटारसायकल वाजली की मान उचलत. ती पुढे गेली की मान ठेवत.

त्याच वर्षी वर्ल्ड कप कतारला होता. तिथली मैदानं बांधायला आपल्यासारखेच परमुलखातले मजूर नेलेले, आणि त्यातले कित्येक जण पेट्यांतून घरी परतले, अशा बातम्या मी वाचत होते. माझं रक्त तापलं. (ते तापतच असतं, पण या वेळी कारण होतं.) मी पत्रक लिहिलं: 'एकही सामना पाहू नका! ज्या गवतावर हे बावीस जण धावतील त्याखाली कामगाराचा घाम नाही, कामगारच आहे!' लिहून मी स्वतःच शहारले. मागच्या बाजूसाठी मागण्यांचा मजकूर तयार केला आणि भाऊंना दिला. म्हटलं, पडून असतात, शुद्धलेखन तपासतील, मनही रमेल.

तळेगावला शौकतचाचांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, दशक्रिया, निवडणूक, सगळं एकाच मशीनवर. मी पुढची बाजू त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "चाचा, मला पुण्याला बैठक आहे. मागचा मजकूर भाऊंकडे आहे, ते फोनवर सांगतील. मागची बाजू कोरी सोडू नका."

"बेटा, तुमच्या घरचं काम आहे," चाचा म्हणाले. "मी कोरी सोडीन का?"

बैठकीवरून परतताना गठ्ठे उचलले आणि थेट वाटायला गेले. गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या रांगेत वाटली, मग लोणावळा स्टेशनबाहेर, मग चिक्कीच्या दुकानांपुढे. तुम्ही विचाराल, मागची बाजू पाहिली नाहीस? नाही पाहिली. पुढची बाजू मी लिहिली होती! मधूनमधून गठ्ठ्यावरचं पत्रक मी वाचत होते आणि प्रत्येक वेळी भारावून जात होते. मागे बघायला सवड कुठे होती?

आणि प्रतिसाद! एरवी आमचं पत्रक घेणारा माणूस पुढच्या कचराकुंडीपर्यंत ते सभ्यपणे नेतो. या वेळी लोक पत्रक घेत, उलटसुलट करत, आणि त्यांचे चेहरे उजळत. "ताई, अजून एक द्या, आमच्या दाजींना पायजे." एका रिक्षावाल्याने तर घडी घालून वरच्या खिशात ठेवलं, हृदयाजवळ! मी घरी येऊन पप्पांना सांगितलं, "मावळ जागा होतोय." पप्पांचे डोळे भरून आले. भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांची पाठ हलत होती. मला वाटलं, त्यांचेही.

दोन दिवसांनी लोणावळ्यात एका टपरीवर चहा प्यायला थांबले. समोर भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं. पण त्यावर मजूर नव्हते, मागण्या नव्हत्या. चौकटी होत्या. तारखा, वेळा, देश. 'विश्वचषकाचे संपूर्ण वेळापत्रक'. आणि माझा घाम, माझा कामगार, माझा बहिष्कार खळ लावून भिंतीला तोंड करून बसला होता.

"ताई, तुमीच वाटलं न्हवं ह्ये?" टपरीवाल्याने ओळखलं. "लय ब्येस काम केलं. फकस्त एक मॅच चुकलीया. जपानची. भाऊंना सांगा."

"भाऊंना?"

"ह्ये काय, खाली लिवलंय की."

खाली लिहिलं होतं: 'सर्व सामने दाखविले जातील. चहाची सोय आहे. स्थळ : भाऊ गँगमन यांचे घर, परंदवडी, विहाराच्या मागे. सर्वांनी यावे. आपली नम्र, निमंत्रक : समता.'

एकाच कागदावर पुढे मी लोकांना एकही सामना पाहू नका म्हणून बजावत होते, आणि मागे त्यांना चहाला बोलावत होते!

घरी पोचले ती तरातरा खाटेपाशीच. "भाऊ! हे काय आहे?"

"ल्हान टाइप घेतला का गं शौकतनं?" भाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "त्याला सांगितलं हुतं, ठळक घे म्हनून."

"माझ्या मागण्या कुठे गेल्या?"

"हायेत की. उशीखाली हायेत. शुद्धलेखन झकास हाय तुजं, एक बी चूक न्हाई."

"आणि निमंत्रक म्हणून माझं नाव?"

"मग? मान दिला तुला! माजं टाकलं आसतं तर म्हनाली आसतीस, बाईमानसाला डावललं."

"भाऊ, तिथे माणसं मेलीयेत!"

भाऊंनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "घाटात आमच्याबी गँगची मेली. मला नको सांगू."

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे!"

"कळतंय. म्हनून तर मी आफ्रिकेच्या बाजूनं हाय."

"याचा आफ्रिकेशी काय संबंध?"

"त्यो तू लाव. पत्रकं तू लिवतीस." आणि मग छताकडे बघत, अगदी हळू, "मान्सं येत न्हाईत गं हल्ली. म्हनलं, मॅचच्या निमतानं तरी येतील."

मी उशीखालून माझ्या मागण्या काढल्या आणि परत तिथेच ठेवल्या.

पण बहिष्कार तो बहिष्कार. मी जाहीर केलं, मी सामने बघणार नाही. भाऊ म्हणाले, "बगू नको. पन शेजारी बस." मग तह झाला. मी भाऊंच्या खाटेपाशी बसेन, पण टीव्हीकडे पाठ करून. त्यामुळे माझं तोंड आलं थेट भाऊंसमोर. तो अख्खा वर्ल्ड कप मी भाऊंच्या चेहऱ्यावर पाहिला. डावी भुवई चढली की कॉर्नर. ओठ आत गेले की फ्री किक. डोळे मिटले की आपल्या गोलाजवळ काहीतरी शिजतंय.

"आशी काय बगतीस? पोलिसात जबानी दिल्यावानी वाटतंय मला," भाऊ कुरकुरत.

आणि माणसं आली! पत्रकाचा असा परिणाम आमच्या तीन पिढ्यांनी पाहिला नव्हता. पप्पांच्या सभांना सतरंजी उरायची. इथे सतरंजी पुरेना. भाऊंचे जुने गँगमन मित्र बबनकाका थेट कुरवंड्याहून आले. येताना त्यांनी काहीच आणलं नव्हतं. "म्हनलं, मॅच बगायला चाललोय, आजारी मान्साला भेटाय न्हाई," ते म्हणाले, आणि भाऊंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मागे गोल झाला. तळेगावहून शौकतचाचा आले, टपरीवाला आला, आजूबाजूच्या कंपन्यांतली माणसं आली. दारात प्रत्येक जण मला नमस्कार करी. "तुमीच निमंत्रक ना? लय भारी!" आणि मी, टीव्हीला पाठ करून, चहाचे कप मोजत असे.

चहा आई करत होती, आणि आई पेटली होती. "बहिष्कार हिचा, मॅच त्यांची, आन् आधन माझं?" त्यात भाऊंनी नवं प्रकरण काढलं. समोर सगळे भुरके मारतात आणि आपण कोरडे, हे त्यांना बघवेना. डॉक्टरांच्या पाण्याच्या हिशेबात बसवून आईने शेवटी तोड काढली. आफ्रिकेच्या ज्या संघाचा सामना असेल त्याने गोल केला, तर अर्धा कप. नाहीतर नाही.

त्या वर्षी भाऊंच्या आशा मोरोक्कोवर होत्या. पहिलाच सामना क्रोएशियाशी, शून्य-शून्य! भाऊ ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "गोल न्हाई तर न्हाई, वास तरी द्या." पुढे बेल्जियमला दोन गोल घातले तेव्हा पूर्ण एक कप मिळाला, आणि मॅच संपल्यावर मोरोक्कोचा एक खेळाडू प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या आईकडे धावत गेला. आईने त्याचा मुका घेतला. माझी आई हातात गाळणी धरून दारातच थांबली. "अगं बया," ती म्हणाली, "त्याची आई बी डोक्यावरनं पदर घेती." तेव्हापासून आई मोरोक्कोची. नकाशात मोरोक्को कुठे ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं, पण त्या माउलीला लेकाच्या घामट कपाळाचं काही वाटलं नाही, एवढं आमच्या सगळ्या गल्लीला पाठ झालं.

कॅनडाशी दोन-एक. त्यातला कॅनडाचा एक गोल मोरोक्कोच्याच एका गड्याच्या पायाला लागून आत गेला होता. भाऊंनी लगेच कप पुढे केला.

"दोन गोलांचा एक कप झाला," आई म्हणाली.

"तिसरा बी आपल्याच पोरानं मारलाय की!"

"स्वतःच्या जाळ्यात!"

"कुटं का मारंना. मारला कुनी?"

अर्धा कप मिळाला. वाद घालण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

मग आला सहा डिसेंबर. महापरिनिर्वाण दिन. भाऊ इतकी वर्षं न चुकता दादरला जात. पायाला प्लास्टर होतं त्या वर्षीही गेलेले. या वेळी पप्पा एकटे गेले. भाऊ सकाळपासून पांढरे शुभ्र कपडे घालून खाटेवर बसून होते, जसं काही कुणी न्यायला येणार आहे. संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. खिडकीतून आवाज येत होता; भाऊ घरातूनच हात जोडून ओठ हलवत होते. "पयल्यांदा चुकलं," एवढंच म्हणाले.

आणि नेमका त्याच रात्री मोरोक्कोचा सामना स्पेनशी! वेळापत्रक बघून नेहमीची मंडळी आली. विहारातून उठलेली माणसं पांढऱ्या कपड्यांतच आली. भाऊ म्हणाले, "आज टीव्ही लागनार न्हाई. आज आपल्यात दुखाचा दिस हाय."

सगळे बंद टीव्हीपुढे बसून राहिले. शौकतचाचांनी खिशातला मोबाईल काढून उशीखाली ठेवला, माझ्या मागण्यांच्या शेजारी. बबनकाका टीव्हीच्या काळ्या काचेत स्वतःकडेच बघत होते. भाऊ गादीवरची सुरकुती सारखी करत होते, पुन्हा विस्कटत होते, पुन्हा सारखी करत होते. आजच्याला मोरोक्को हरला तर भाऊंचा वर्ल्ड कप संपला, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आणि पुढचा वर्ल्ड कप चार वर्षांनी असतो, हेही.

शेवटी भाऊ म्हणाले, "समते, तू बग."

"मी? माझा बहिष्कार आहे!"

"म्हनून तर. तुला त्यातलं काय कळत न्हाई. तुजं बगनं बगन्यात धरत न्हाईत."

मी भाऊंकडे पाहिलं. डायलिसिसच्या सुईने काळानिळा झालेला हात त्यांनी मांडीखाली लपवला होता. मी उठले आणि टीव्ही लावला. आवाज बंद. भाऊंनी खाटेवर पाठ फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून बसले. ते पाहून बबनकाका फिरले, चाचा फिरले, आई फिरली, सगळी खोली फिरली! टीव्हीला पाठ करून पांढऱ्या कपड्यांतली पंचवीसेक माणसं माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. इतकं लक्षपूर्वक मला माझ्या एकाही भाषणात कुणी ऐकलेलं नाही.

"काय चाललंय?" बबनकाका कुजबुजले.

"पळतायत."

"कोन?"

"सगळेच."

"बॉल कुनाकडं हाय?"

"आत्ता होता इथेच."

भाऊंनी डोळे मिटले. "चार वर्सांची हुती तवा खांद्यावर बसवून मैदानावर नेली हिला. सगळं वाया."

सामना शून्य-शून्य. जादा वेळ, तरी शून्य-शून्य. मग पेनल्टी आल्या. स्पेनचे तिघं आले आणि तिन्ही वाया. एक खांबाला लागली, दोन गोलकीपरने अडवल्या. मोरोक्कोच्या मात्र दोन आत गेल्या होत्या. हे मी नीट सांगितलं. मग मोरोक्कोचा एक जण आला. हा घातला तर जिंकलो, इतपत मलाही कळलं होतं. तो धावत आला आणि त्याने चेंडू मारलाच नाही! नुसता हळूच उचलून दिला, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. इतकी फुसकी लाथ मी जन्मात पाहिली नव्हती. माझं तोंड पडलं.

आणि माझं तोंड पडलेलं पंचवीस माणसांनी पाहिलं.

बबनकाकांनी कपाळावर हात मारला. आईने पदर तोंडाला लावला. भाऊंनी मांडीखालचा हात बाहेर काढला आणि उताणा गादीवर ठेवला. एवढा रिकामा हात मी कधी पाहिला नव्हता.

"पण मग हे नाचतायत का?" मी म्हणाले.

"कोन नाचतंय?"

"तेच. लाल टीशर्टवाले. एकमेकांच्या अंगावर पडतायत. तो... तो चेंडू आत गेलाय वाटतं."

"वाटतं?" शौकतचाचा ओरडले, आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसले. सहा डिसेंबर! ओरडायचं कसं? टाळी कशी वाजवायची? इतका मुका आनंद कुठल्या देशाने केला नसेल. बबनकाकांनी डोक्यावरची टोपी तोंडात कोंबली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई आवाज न करता चाचांच्या पाठीवर गुद्दे घालत होती. भाऊंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि तसेच बसून राहिले. आईने विचारलं, "पेनल्टीचे धरायचे का भाऊ? तीन झाले. दीड कप हुतो." भाऊ म्हणाले, "आज नको. उद्या दे."

मग मोरोक्कोने पोर्तुगालला हरवलं. एक गोल, अर्धा कप. आफ्रिका पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचली. त्या दिवशी भाऊंनी टीव्ही समोरून पाहिला आणि मी पाठ करून. कप रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "आता दोनच मॅच ऱ्हायल्या."

उपांत्य सामन्याआधीच, डायलिसिसहून परतताना, रिक्षात भाऊ गेले. डोकं माझ्या खांद्यावर होतं. मला वाटलं झोप लागली. मी रिक्षावाल्याला म्हटलंही, "सावकाश घ्या, झोपलेत."

दुखवट्याच्या त्या दिवसांत आमच्याकडे टीव्ही लागला नाही. मोरोक्को फ्रान्सकडून हरला, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ज्या देशाने एके काळी मोरोक्कोवर राज्य केलं, त्याच फ्रान्सकडून! मी त्यावर लिहायला बसले, एक ओळ लिहिली आणि पेन ठेवलं. भाऊंच्या लेखी आफ्रिका हरलेली नाही. ते गेले तेव्हा ती जिंकतच होती.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला तो रविवार नेमका फायनलचा निघाला. दुपारी भंतेजी येऊन गेले, जेवणं झाली, पण संध्याकाळ झाली तरी बबनकाका, चाचा, टपरीवाला कुणी उठेना. शेवटी आईच म्हणाली, "लावा. त्यांनी बोलावलं हुतं सगळ्यांना." आणि टीव्ही लागला.

तेवढ्यात दारात चार अनोळखी तरुण आले. सोमाटण्याच्या बाजूच्या कंपनीतले, हातात माझं पत्रक. पत्ता शोधत पहिल्यांदाच आलेले. त्यांनी बाहेर लावलेले निळे झेंडे पाहिले, आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाहिली, आणि एक जण आनंदाने ओरडला, "अरे, निळं-पांढरं! सगळी गल्लीच अर्जेंटिना!"

कुणीतरी काही बोलणार, तोच बबनकाकांनी हात वर केला. "या, बसा," ते म्हणाले. "भाऊंनी बोलावलं ना तुमाला? बसा." ते बसले. आईने त्यांना चहा दिला. भाऊंची खाट रिकामी होती, त्यावर कुणी बसलं नाही, आणि का बसत नाहीत हे त्या चौघांनी विचारलं नाही.

मी पाठ करून बसायला गेले आणि लक्षात आलं, समोर चेहराच नाही. मग फिरले. आयुष्यात पहिल्यांदा मी फुटबॉलचा सामना स्वतःसाठी पाहिला. अर्जेंटिना पुढे, मग फ्रान्स बरोबरीत, पुन्हा पुढे, पुन्हा बरोबरीत, मग पेनल्टी. यातल्या कुणाशीच माझं काही देणंघेणं नव्हतं. तरी अर्जेंटिनाचा शेवटचा चेंडू आत गेला, वर्ल्ड कप संपला, आणि मी ओक्साबोक्शी रडायला लागले. इतक्या दिवसांत रडले नव्हते. कार्यकर्तीने रडायचं नसतं. आता थांबता थांबेना. ते चौघं नाचायचे थांबले.

"ताई फ्रान्सच्या का?" त्यातल्या एकाने दबकत विचारलं.

मी डोकं हलवून नाही म्हणणार, तर हुंदक्याने ते होकारासारखं हललं.

बबनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय ते माहीत होतं. ते पुढे सरकले, माझ्या आणि त्या मुलांच्या मधे बसले आणि शांतपणे म्हणाले, "व्हय. लय जीव हाय पोरीचा फ्रान्सवर. रडू द्या तिला."

ती चार पोरं भली. त्यांनी मला पाणी आणून दिलं. "ताई, फ्रान्स हरली, पण काय लढली!" म्हणाले. मी फ्रान्ससाठी आणखी अर्धा तास रडले.

आता कुठलाही वर्ल्ड कप आला की माझ्या नावाचं पत्रक निघतं, आणि त्यात साम्राज्यवाद्यांवर, वसाहतवाद्यांवर, विशेषतः फ्रान्सवर मी जबर कोरडे ओढते. ते वाटायला लोणावळा स्टेशनवर उभी राहिले, की सोमाटण्याच्या त्या कंपनीच्या बसमधलं कुणीतरी हमखास हात हलवून ओरडतं, "ओ फ्रान्सताई!"

आणि मी वळून ओ देते.